दहा सोडून

ताईच्या बाहेरच्या खोलीत एकूण सतरा वस्तू होत्या. एक दिवाण, दोन खुर्च्या, एक तिपाई, तीन दारांचं भिंतभर कपाट, शिलाईयंत्र आणि त्याचं स्टूल, एक घड्याळ, एक आरसा, खिडकीत तीन कुंड्या, चपलांची मांडणी, भावोजींचं पुस्तकं दाबायचं लोखंडी यंत्र, त्यावर ठेवलेला रेडिओ, एक पंखा आणि एक दिवा. माणसं दोन, पण ती त्यानं मोजणीत धरली नाहीत. कुठल्याही घरात शिरलं की आधी वस्तू मोजायची त्याची सवय होती, कारण वस्तू आड येतात आणि भिंत आहे त्याहून जवळ असल्याचं सांगतात. घरांची किंमत ठरवणाऱ्या एका कचेरीत तो बारा वर्षं मोजणीदार होता. लोक घर घेताना, विकताना, गहाण टाकताना तो जायचा, लेझरचं मोजयंत्र भिंतीला टेकवायचा, आकडा लिहून घ्यायचा आणि चहा नको म्हणायचा. इथं मात्र चहा आधीच पिऊन झाला होता.

"मग मोजणीदार," भावोजी दिवाणावरून म्हणाले, "बारा वर्षांत घर वाढलं की आक्रसलं?"

"घरं वाढत नसतात, भावोजी."

"भाडी वाढतात तशी घरं वाढली असती, तर आज आम्ही राजवाड्यात असतो."

"राजे, पाय वर घ्या आधी," ताई म्हणाली. "लाल ठिपका तुमच्या गुडघ्यावर पडतोय."

खोलीच्या मधोमध भिंत घालायची, पलीकडचा अर्धा भाग भाड्यानं द्यायचा, असं ताईनं ठरवलं होतं. एक परिचारिका विचारून गेली होती. भावोजींनी चाळीस वर्षं वाचनालयाची पुस्तकं बांधली, आता त्यांना सुईचं नेढंच काय, सुई धरलेला हातही नीट दिसत नव्हता. डॉक्टरांनी दोन्ही डोळ्यांचं मिळून एक अंदाजपत्रक दिलं होतं आणि ते ताईनं घड्याळामागे खोचलं होतं. हे सगळं तिनं फोनवर चार वाक्यांत सांगितलं होतं. पाचवं वाक्य होतं, "रविवारी येऊन तेवढं मोजून दे." पैशांबद्दल तिनं एक अक्षर काढलं नव्हतं. त्याच्याकडे तिचे तीन लाख चाळीस हजार होते. सात वर्षं होते.

त्यानं यंत्र भिंतीला टेकवलं, बटण दाबलं. तीन मीटर बासष्ट. त्यानं खोली ओलांडली, समोरच्या भिंतीला यंत्र टेकवलं, पुन्हा दाबलं. तीन बासष्ट. मग त्यानं शिलाईयंत्र सरकवलं, खाली वाकून फरशीलगत मोजलं. तीन बासष्ट. वाकलेला असतानाच त्यानं आकडा पुन्हा वाचला. ही खोली तीन बाहत्तर होती. हा आकडा त्याला तोंडपाठ होता, कारण नोकरीला लागल्यावर चौथ्या महिन्यात त्यानं स्वतः एकट्यानं मोजलेलं ते पहिलं घर होतं.

"किती?" ताईनं विचारलं.

"तीन बासष्ट."

ताईनं वहीत लिहून घेतलं. लिहिण्याआधी तिनं एकदा त्याच्याकडे पाहिलं आणि मग पेन्सिलीच्या टोकाकडे.

घरी परतताना तो दोन थांबे आधीच बसमधून उतरला. त्याला चालायचं होतं. बारा वर्षांपूर्वीची ती दुपार त्याला आठवत होती असं तो आजवर समजत होता, पण आठवत होती ती फक्त तिची गंमत. रिकामं घर, रंगाचा वास, आवाज घुमतोय म्हणून ताईनं मुद्दाम काढलेली शीळ. विकणाऱ्यानं कागदावर पंचवीस पूर्णांक सहा चौरस मीटर लिहिलं होतं आणि ताई म्हणाली होती, "घरचा मोजणीदार असताना परक्याच्या आकड्यावर का विश्वास ठेवायचा?" तेव्हा लेझरचं यंत्र त्याच्या हाती दिलेलं नव्हतं. कचेरीतली जुनी पोलादी टेप होती, टोकाची आकडी वाकलेली. अशा टेपवर शून्याचा भरवसा धरत नाहीत. दहाचा आकडा भिंतीला लावून धरायचा, दुसऱ्या टोकाला आकडा वाचायचा आणि त्यातून दहा वजा करायचे. त्याला ही युक्ती नव्यानं कळली होती आणि ती त्यानं ताईला ऐटीत समजावून सांगितली होती. "टोक धरू नकोस. दहावर बोट ठेव." ताईनं प्रत्येक भिंतीशी वाकून दहावर बोट ठेवलं होतं, नखाला चुना लागेपर्यंत. ती दुसरं टोक अगदी बरोबर धरत होती. आपण आपल्या टोकाला काय केलं, हे मात्र त्याला आठवेना. त्यानं आठवायचा प्रयत्न केला तेव्हा फक्त शीळ ऐकू आली.

सोमवारी कचेरीत त्यानं जुन्या वह्यांचा गठ्ठा उतरवला. तो मोजणीच्या कच्च्या वह्या टाकत नसे. लोक त्याला चिकट म्हणत, तो त्याला पुरावा म्हणे. चौथ्या वहीत, मधल्या पानावर, त्याच्याच तेव्हाच्या गोलसर अक्षरात वर लिहिलं होतं 'दहा सोडून', आणि त्याभोवती काळजीपूर्वक काढलेलं वर्तुळ होतं. खाली सहा आकडे. तीन बाहत्तर, तीन चार. तीन पंधरा, दोन ऐंशी. दोन पन्नास, दोन वीस. वजाबाकी कुठेच नव्हती. सूचना लिहिली होती, वर्तुळ काढलं होतं, आणि कदाचित वर्तुळ काढल्यामुळेच काम झाल्यासारखं वाटलं होतं. खाली बेरीज पंचवीस पूर्णांक त्रेसष्ट, विकणाऱ्याच्या आकड्याशी जवळजवळ जुळणारी, आणि तिच्याखाली दोन रेघा. त्या दोन रेघांनी तो सगळ्यात जास्त शरमला. त्यानं सहा आकड्यांतून दहा दहा वजा केले आणि नवी बेरीज केली. तेवीस पूर्णांक ब्याण्णव. फरक एक पूर्णांक एकाहत्तर चौरस मीटर. एक मीटर नव्वद लांब, नव्वद सेंटिमीटर रुंद. म्हणजे एका माणसाचा पलंग. नसलेल्या एका पलंगाचे पैसे ताईनं मोजले होते, आणि आता तीच ताई खोलीला मधोमध भिंत घालत होती.

"कसली एवढी आकडेमोड?" शेजारच्या मेजावरून नकाशेवालीनं विचारलं. कचेरीतले सगळे आराखडे तीच काढायची आणि सगळ्यांची घरगुती भांडणंही तीच सोडवायची.

"कर्ज फेडावं की घर घ्यावं, बघतोय."

"व्याज किती?"

"शून्य."

"मुदत?"

"नाही."

"आणि मागणारा?"

"मागतच नाही."

नकाशेवालीनं चष्मा कपाळावर चढवला. "असं कर्ज असेल तर मलाही थोडं मिळवून दे. आणि घराचं बघ. घरं थांबत नाहीत कुणासाठी."

तिचं गणित चूक नव्हतं. तेच गणित त्यानं स्वतः अनेकदा मांडलं होतं. पाच लाख बारा हजार साठले होते. शुक्रवारपर्यंत पाच लाख भरले की चौथ्या मजल्यावरचं एक घर त्याच्या आणि बायकोच्या नावावर राखलं जाणार होतं. दोन खोल्या, स्वयंपाकघर, एक छोटी गॅलरी. ते त्यानं स्वतः मोजलं होतं आणि आतला प्रत्येक आकडा कागदाशी जुळला होता. बिनव्याजी कर्ज जितकं उशिरा फेडावं तितकं फायद्याचं, आणि घर जितकं उशिरा घ्यावं तितकं महाग. दोन्ही रेषा एकाच दिशेला जात होत्या. पण गेल्या चोवीस तासांत त्याला जिथं तिथं दहा सेंटिमीटर दिसू लागले होते. बसच्या पायरीची खोली. दाढीच्या आरशाची रुंदी, जिच्यात त्याचा कान मावत नसे. चहाच्या पेल्याची उंची. आणि मुलगी जन्मली तेव्हाची तिची पाठ. दोन महिने आधी आली होती ती, काचेच्या पेटीत एकतीस दिवस होती. बाविसाव्या दिवशी परिचारिकेनं त्याला पेटीच्या भोकातून हात आत घालू दिला होता. त्याच्या तळव्याखाली तिची सगळी पाठ मावली होती. मनगटापासून बोटांच्या मुळापर्यंत, दहा सेंटिमीटर. पेटीचे पैसे ताईनं दिले होते. रुग्णालयाच्या जिन्यात तिनं पाकीट त्याच्या खिशात कोंबलं होतं आणि म्हणाली होती, "मोजत बसू नकोस."

घरी त्यानं बायकोपुढे विषय काढला, पण अर्धाच. वहीचं सांगितलं नाही, फक्त भिंतीचं आणि डोळ्यांचं सांगितलं.

"ताईंनी मागितलेत का?" बायको मुलीच्या वह्यांना कव्हरं घालत होती.

"नाही."

"मग? भिंत घालणं म्हणजे काही हात पसरणं नव्हे. लोक ठेवतात पोटभाडेकरू."

"ती डोळ्यांसाठी घालतेय."

"कळतंय मला." तिनं कव्हराचा कोपरा नखानं दाबला. "हे बघ, तुझ्या बहिणीला मी पहिल्यापासून आवडले नाही, तरी त्यांचे पैसे बुडवावेत असं माझ्या मनात कधी आलं नाही. घर झालं की पहिला हप्ता त्यांचाच. आपलं ठरलंय."

"ते आपण सात वर्षं ठरवतोय."

"आणि घर किती वर्षं ठरवतोय?"

"नऊ."

"मग रांगेत पहिलं कोण उभं आहे?"

त्याला हसू आलं आणि तिलाही, पण तिचं आधी संपलं. ज्या मापातला एक आकडा आपण लपवलाय त्या मापावर वाद घालणं बरं नव्हे, एवढं त्याला कळत होतं. तो मुलीजवळ जाऊन बसला. ती जेवणाच्या मेजाच्या कोपऱ्यावर कोपर टेकवून, अंग चोरून गणितं सोडवत होती, कारण उरलेल्या मेजावर कव्हरं पसरली होती. चौथ्या मजल्यावरच्या घरात तिनं एक भिंत निवडून ठेवली होती. 'ही माझी' असं म्हणून तिनं त्या भिंतीला पाठ लावली होती आणि त्याला आपली उंची मोजायला लावली होती.

बुधवारी संध्याकाळी त्यानं वही घरी आणली आणि बायकोपुढे ठेवली. वर्तुळ, सहा आकडे, दोन रेघा. सगळं सांगितलं, टेपची आकडी, दहावर ठेवलेलं बोट, पलंग. तेव्हाच्या भावानं त्या पलंगाची किंमत एक लाख नऊ हजार चारशे चाळीस होत होती, तेही सांगितलं. तीन लाख चाळीस हजारांत ती मिळवली की साठलेल्यातले साडेबासष्ट हजार उरत होते. बायकोनं पान उलटून पाहिलं, जणू वजाबाकी मागच्या बाजूला असेल.

"त्यांना ठाऊक आहे?"

"नाही. कसं ठाऊक असणार?"

"मग सांगितलं नाहीस तरी चालेल."

"हो."

"पण तू सांगणार."

शेजारच्या घरात कुणीतरी खुर्ची ओढत नेली आणि तो आवाज संपेपर्यंत दोघं थांबली.

"दे," ती म्हणाली. "फक्त मला विचारून देतोयस असा आव आणू नकोस. तू रविवारीच दिलेस." तिनं वही मिटली, त्याच्याकडे सरकवली आणि उठून आत गेली. आत गेल्यावर तिनं काहीच केलं नाही. नळाचा आवाज नाही, भांड्याचा नाही. ते काहीच न करणं तो भिंतीच्या अलीकडून ऐकत बसला.

गुरुवारी अर्धी रजा टाकून तो ताईकडे गेला. तिपाईवर दोन धनादेश ठेवले. एक तीन लाख चाळीस हजारांचा, दुसरा एक लाख नऊ हजार चारशे चाळीसचा. ताईनं दोन्ही उचलून उजेडात धरले.

"हा कळला. हा कसला? आणि वरचे चाळीस कशाला, सुट्ट्यांचे वांधे करायला?"

त्यानं सांगायला सुरुवात केली. वाटेत त्यानं वाक्यं जुळवून ठेवली होती, पण ती क्रमानं येईनात. तो टेपपासून सुरू झाला, मग वहीकडे गेला, मग परत टेपकडे. भावोजी पापण्या मिटून ऐकत होते. ताईनं त्याला मध्येच थांबवलं.

"कपाटाकडे बघ."

त्यानं पाहिलं. तीन दारांचं भिंतभर कपाट.

"डावं दार बघ."

डावं दार बाकीच्या दोन दारांपेक्षा अरुंद होतं. ते अरुंद आहे हे तो बारा वर्षं पाहत आला होता आणि प्रत्येक वेळी मनात सुताराला नावं ठेवत आला होता.

"तुझ्याच मापावर करायला टाकलं होतं," ताई म्हणाली. "सुतार घेऊन आला आणि भिंतीशी लावताना घोडं अडलं. त्याला वाटलं आपलं चुकलं. रडकुंडीला आला होता बिचारा. मग त्यानं खोली मोजली, मी तुझा कागद काढला. मग त्यानं करवत काढली. दहा सेंटिमीटरची एक लांब पट्टी निघाली. बरेच दिवस ती गॅलरीत पडून होती."

"मी तिच्यावर कुंड्या ठेवायचो," भावोजी म्हणाले. "फार उपयोगी पट्टी."

"तू बोलली नाहीस," तो म्हणाला.

"पैसे देऊन झाले होते. तुझी नोकरी चार महिन्यांची. तुझ्या साहेबाकडे जाऊन काय सांगू, आमच्या बाळाला वजाबाकी येत नाही?" ती धनादेशांच्या कडा एकमेकींना जुळवत राहिली. "पण राग आला होता. खोटं कशाला बोलू. वर्षभर तुझ्याशी धड बोलले नाही मी. तुझ्या लग्नातसुद्धा पाहुण्यासारखी आले आणि पाहुण्यासारखी गेले. तुझ्या लक्षात तरी आलं का?"

आलं होतं. ते वर्ष त्याच्या चांगलंच लक्षात होतं. त्या वर्षाचं कारण त्यानं तेव्हाच ठरवून टाकलं होतं. बायकोनंही ठरवलं होतं, आणि दोघांनी ते एकमेकांना इतक्यांदा सांगितलं होतं की त्याची भिंत झाली होती, आणि मग दोघं तिला धरून चालत आली होती. ताईच्या घरी कमी जायचं. गेलं की लवकर निघायचं. मुलीला सुट्टीत तिच्याकडे ठेवायचं नाही. आणि हे सगळं चालू असताना, पट्टी कापून पाच वर्षं झाल्यावर, रुग्णालयाच्या जिन्यात तिनं ते पाकीट त्याच्या खिशात कोंबलं होतं. म्हणजे तेव्हा तिला ठाऊक होतं. तो सात वर्षं त्या जिन्याकडे बघत होता आणि आज त्याला तो जिना पहिल्यांदा वरून दिसला.

"मग राग गेला कधी?"

"गेला कुठला. जुना झाला." ताईनं दोन्ही धनादेश घडी न करता घड्याळामागे, डॉक्टरांच्या कागदाशेजारी खोचले. "देतोयस तर घेते. नको नको म्हणायचं वय गेलं माझं. भिंतीवाल्याला नाही म्हणून कळवते."

"आणि ती परिचारिका?" भावोजींनी डोळे उघडले. "मी तिच्यासाठी गप्पांची तयारी केली होती."

"तुमच्या गप्पा ऐकूनच ती दुसरीकडे बघतेय."

निघताना ताई जिन्यापर्यंत आली. "तुझं घर?" तिनं विचारलं. त्यानं खांदे उडवले. ती आणखी काही विचारेल म्हणून तो एक पायरी उतरून थांबला. तिनं विचारलं नाही.

शुक्रवारी बांधकामवाल्याच्या कचेरीतून दोनदा फोन आला. दुसऱ्या वेळी त्यानं घेतला आणि नाही म्हणून सांगितलं. पलीकडच्या बाईनं फार सौम्यपणे विचारलं, काही अडचण आहे का. तो म्हणाला, नाही, मोजमापात फरक आला. फोन ठेवल्यावर त्याला वाटलं, आपण खोटं बोललो. मग वाटलं, नाही बोललो.

बायकोला त्यानं शनिवारी कपाटाचं सांगितलं. ती कपडे वाळत घालत होती. त्याची गोष्ट संपली तरी तिच्या हातातला सदरा तसाच राहिला, पाणी गळत.

"म्हणजे ते वर्ष कपाटाचं होतं?"

"हो."

"मला वाटलं माझं."

"मलाही तेच वाटलं होतं."

"अकरा वर्षं मी त्यांच्या घरात पदार्थ चाखल्यासारखी जाते. बसते न बसते तोच उठते." तिनं सदरा दोरीवर टाकला, दोन्ही बाह्या सारख्या केल्या, पुन्हा केल्या. "तेव्हाच कपाट दाखवलं असतं तर?" हे तिनं त्याला विचारलं नव्हतं. थोड्या वेळानं तिनं विचारलं ते वेगळंच होतं. "आता पुन्हा पाच लाख व्हायला किती लागतील?"

त्यानं ते आधीच काढून ठेवलं होतं. "आत्ताच्या गतीनं चार वर्षं आणि पाच महिने."

"गती वाढली तर?"

"चार."

ती दोरीकडे तोंड करून चिमटे लावू लागली. तिचा चेहरा त्याला दिसत नव्हता. दिसला असता तरी वाचता आला असता की नाही, याची आता त्याला खात्री नव्हती.

रविवारी सकाळी बायकोनं खिडकीखालची खोकी उचलायला सुरुवात केली. नव्या घरी सामान न्यायचं म्हणून महिनाभर तिनं दुकानादुकानांतून रिकामी खोकी मागून आणून तिथं रचली होती. आता ती एकेक खोकं पायानं दाबून चपटं करत होती, आणि मुलगी त्यांवर उड्या मारून मदत करत होती. खिडकीखालची फरशी महिन्याभरानं दिसली. तिच्यावर धुळीचा चौकोन होता. बायकोनं तो पुसला.

"इथं हिच्यासाठी एक मीटरचं मेज बसेल का?" ती म्हणाली. "चार वर्षं काही ही कोपऱ्यावर कोपर टेकून अभ्यास करणार नाही."

मोजयंत्र कचेरीत होतं. शिवणाच्या डब्यातली कापडी टेप तिनं त्याच्या हातात दिली. दुसरं टोक मुलीनं भिंतीला लावलं आणि विचारलं, कुठून धरू. तो म्हणाला, शून्यावरून. त्यानं खिडकीच्या बाजूनं कोपऱ्यातल्या कपड्यांच्या कपाटापर्यंत टेप ताणली, वाकून आकडा वाचला, मुलीला जागा बदलायला लावून उलट बाजूनं पुन्हा वाचला.

"किती?" बायकोनं विचारलं.

"एक मीटर तीन सेंटिमीटर."